लघवीला गेलो तरी मशीन ‘आयडल’!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पंधरा वर्षं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, चालवतोय. कामाचा कंटाळा कधी केला नाही. पण गेल्या वर्षी मशीनला एक डबी जोडली, मशीन चालू की बंद ते टिपणारी, आणि कारखान्याच्या शॉपमध्ये मोठा टीव्ही टांगला. मशीन तीन मिनिटं थांबलं की ते ‘आयडल’, म्हणजे रिकामं, धरतात; टीव्हीवर माझा नंबर लाल होतो, सुपरवायझरच्या मोबाईलवर मेसेज पडतो आणि महिनाअखेरीला त्या मिनिटांची बेरीज करून इन्सेंटिव्ह कापतात. मुतारी शॉपच्या पार त्या टोकाला! तीन मिनिटांत जाऊन येणार कसं?

मग पाणीच पीत नाही कोण. एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि बाटली आहे तशी घरी परत. बायको रोज विचारायची, "अहो, बाटली भरलेलीच कशी हो येते?" पावसाळ्यात एका रात्री पाठीतून अशी कळ आली की फरशीवर लोळलो. सोनोग्राफीत सात एमएमचा खडा. डॉक्टर म्हणतात, रोज तीन लिटर पाणी प्या. कधी पिऊ, सांगा की!

त्यात तीन शिफ्टच्या दोन केल्या. बारा-बारा तास, आठवड्याचे सहा दिवस. "नवीन कायदा आलाय, सही करा," म्हणून इंग्रजी कागद पुढं सरकवला. केली सही. नंतर कायदा बघितला तर डोकंच फिरलं. कर्नाटकानं २०२३ मध्ये दिवसाला बारा तासांची मुभा दिली, पण आठवड्याचे ४८ तास तसेच ठेवलेत. म्हणजे चार दिवस काम, बाकीचे दिवस सुट्टी! हे कोण सांगितलं आम्हाला? वरचे तास ओव्हरटाइम धरा म्हणतात. त्यालाही त्या कायद्यात तीन महिन्यांत १४४ तासांची मर्यादा घातलीय, आमचे दुपटीच्या वर जातात. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम केलं तर पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्येच सांगितलंय. आमच्या लाइनीत दोघांना बीपीची गोळी सुरू झाली. एकाचं वय बत्तीस.

परवा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेलो. म्हणाले, "सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही."

ऑप्शन नाही? त्या डबीवर लाइट गेली तर दाबायला बटण आहे. टूल बदलायला बटण आहे. मटेरियल आलं नाही, त्यालाही बटण आहे. एक लघवीचं टाका की!