‘पोहे आपोआप होतात’ म्हणणाऱ्या ताईंना उत्तर

रविवारच्या सकाळीवर लिहिलेल्या माझ्या मागच्या लेखाला बऱ्याच जणांनी ‘अगदी आमच्या घरचंच लिहिलंत’ अशी दाद दिली. त्यांचे आभार. ‘एक आई’ या नावाने आलेली एक प्रतिक्रिया मात्र वेगळी होती. मी ती दडवली असं कोणी म्हणायला नको, म्हणून जशीच्या तशी देतो:

“छान लिहिता. फक्त तुमच्या घरी पोहे आपोआप होतात, मुलं आपोआप अंघोळी करतात आणि आई-बायको दारात उभ्या राहून हसतात. धाकटीची पुढची लस कधी आहे, सांगता येईल का? बायकोने नोकरी सोडली त्यावर एक ओळ आणि कचरागाडीवर तीन परिच्छेद!”

ताई (नाव दिलं नाहीत, म्हणून ताईच म्हणतो, लहान असाल तर राग मानू नका), टीकेचं मला वावडं नाही. पण ते ‘छान लिहिता, फक्त’ वाचून मला शाळेतल्या एक बाई आठवल्या. त्या आधी ‘अक्षर सुरेख आहे हो’ म्हणायच्या आणि मग कान पिळायच्या. सरळ ‘लेख आवडला नाही’ म्हटलं असतंत तर मी गप्प बसलो असतो.

आता पोहे. लेख शांतपणे वाचला असतात तर कळलं असतं की रविवारी आमच्याकडे पोहे होतच नाहीत. ते आणले जातात. कोण आणतं? मी. तुमच्या डोळ्यांपुढे कढई, फोडणी, शेंगदाणे, वरून खोबरं असे कांदेपोहे आले असणार. आमचे इंदुरी पोहे वाफेवरचे. ठेल्यावर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांचं पातेलं ठेवलेलं असतं, म्हणून ते सकाळभर गरम आणि मऊ राहतात. तेल नावापुरतं, बडीशेप, किंचित साखर. वरून जिरावण (आमच्याकडचा चटपटीत कोरडा मसाला), बारीक कांदा, मूठभर शेव, लिंबू. आणि सोबत जिलबी, ती नसेल तर इंदूरचा माणूस त्याला नाश्ता म्हणत नाही.

हे दोन मुलांना घेऊन आणणं म्हणजे काय ते ऐका. धाकटीच्या पोह्यात जिरावण चालत नाही, आणि हिरव्या मिरचीचे तुकडे मी तिथेच उभा राहून एकेक वेचून काढतो. थोरल्याला शेव वेगळ्या पुडीत लागते, पोह्यात पडून मऊ झाली तर तो ताटाला हात लावत नाही. जिलबीची पिशवी हँडलला, तिचा पाक माझ्या चपलेवर, पुढे उभी असलेली धाकटी दर गायीला थांबून ‘टाटा’ करायला लावणार. आम्ही घरी, सुदामा नगरात पोचेपर्यंत पोहे निम्मे गार. याला तुमच्याकडे ‘आपोआप’ म्हणतात का?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो. लेखात एका ठिकाणी ‘आईच्या हातचे पोहे’ असे शब्द आले आहेत. ते गुरुवारचे. सोमवार ते शनिवार नाश्ता आईच करते, हे मी कुठे नाकारलंय? पण लेख रविवारचा होता.

दुसरं, कचरागाडीवरचे परिच्छेद दोन आहेत, तीन नाहीत. मोजून बघा. आणि ते का नसावेत? २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर मिळवलेल्या शहरात राहतो आम्ही. गाडीचं गाणं कोपऱ्यावर वाजलं की धाकटी हातातलं टाकून ‘बाबा, गाडी येऊन राहिली!’ ओरडत सुटते. (हो, आमची मराठी अशीच आहे. त्यावरही तुमचं काही म्हणणं असेल तर ते वेगळं पाठवा.) इथे कचरा सहा प्रकारचा वेगळा करावा लागतो. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक कचरा आणि सॅनिटरी. डायपर त्या सहाव्यात जातं, वेगळं गुंडाळून. आमच्या घरी ते रोज सकाळी कोण नेऊन देतं? डायपर बदलणाऱ्याचं कौतुक जग करतं, ते टाकणाऱ्याचं कोणी केलेलं मी तरी वाचलेलं नाही.

लशीचा प्रश्न. अहो बाई, ही काय तोंडी परीक्षा आहे? तरी विचारलंतच तर सांगतो. थोरल्याला पाच वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर द्यायला मीच नेलं होतं. रात्री ताप चढला, ज्या हातावर सुई टोचली त्या कुशीवर त्याला वळता येईना, तर रात्रभर त्याला छातीवर घेऊन पडलो होतो. दुसऱ्या दिवशी तसाच ऑफिसला गेलो. धाकटी पावणेतीन वर्षांची. तिचं दीड वर्षाच्या आसपासचं सगळं झालंय, आता पाच पूर्ण होईपर्यंत काही नाही. झालं समाधान?

हे वाचून दाखवल्यावर सौ. म्हणाली, व्हिटॅमिन ए राहिलं. ते दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांची होईपर्यंत, चमच्याने पाजतात. मागच्या वेळी दस्तक अभियानात (आमच्या मध्य प्रदेशातली मुलांच्या आरोग्याची घरोघर मोहीम) आशाताई घरी येऊन पाजून गेल्या, तेव्हा मी म्हणे वर झोपलो होतो. असेल. पण तो डोस आहे, लस नव्हे. प्रश्न लशीचा होता.

आता थोडं घरचं सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझे आजोबा कापड मिलमध्ये पाळ्या करायचे, घरी यायचे ते झोपायला. माझ्या वडिलांनी मला चारचौघांत कधी कडेवर घेतलेलं नाही, कारण वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचं मूल उचलणं तेव्हा निर्लज्जपणाचं समजत. आईच सांगते, मी रडलो की ते पेपर वर धरायचे. अशा घरातला मी धाकटीच्या दोन वेण्या घालतो. एक वर, एक खाली होते, पण घालतो. सरकारी नोकरीतल्या बापाला मुलाच्या जन्मानंतर १५ दिवसांची रजा मिळते, आम्हा खाजगीवाल्यांना कायद्याने एकही दिवस नाही. मी चार दिवस आजारपणाची रजा टाकून दवाखान्यात बाकावर झोपलो. हे कुणाच्या डोळ्यांत येत नाही. एका लेखातल्या पोह्यांवरून माणसाचा अख्खा हिशेब मांडायचा आणि वर नावही लावायचं नाही, हे सभ्यपणाचं कुठल्या गावी मानतात?

सौ.च्या नोकरीबद्दल. तो आमचा दोघांचा घरचा निर्णय होता. २६ आठवड्यांची रजा संपली, ऑफिसात पन्नासच्या वर माणसं असूनही कायद्याने हवं ते पाळणाघर नव्हतं, आईचे गुडघे तेव्हा दुखत होते. त्यावर एकच ओळ लिहिली कारण तेवढंच लिहिण्यासारखं होतं. अंघोळींचं म्हणाल तर त्या कोण घालतं हे वाचून कुणाचं काय भलं होणार आहे?

पुढच्या वेळी लेख पटला नाही तर जरूर कळवा. नावानिशी आणि जरा बेताने.

इथे थांबतो. धाकटी उठून रडते आहे आणि सौ. अंगण धुते आहे, म्हणून आज मीच जातो. तिचे कोरडे कपडे कुठल्या खणात असतात, तेवढं विचारून घेतो.