पाय तोडून पुरलेली माणसं आणि पप्याची पोरगी

शनिवारी कट्ट्यावर पोचलो तर पप्याचा चहा तसाच गार झालेला. हा माणूस चहा गार होऊ देत नाही. म्हटलं, कोण गेलं?

"कोणी नाही. पोरीला बारावीला ८७ टक्के पडलेत."

"मग पेढे कुठायत?"

"पुरातत्त्व करायचंय म्हणे. बी.ए. बडोद्याला जाऊन."

नाना बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे करिअरवर पहिला हक्क त्यांचा. "पुरातत्त्व म्हणजे खणायचंच ना? आमच्या गल्लीत महापालिका तीन वर्षं खणतेय. तिथं विचार, भरती असेल."

सगळे हसले आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण कट्ट्यावर डेक्कन कॉलेजातून पुरातत्त्वात एम.ए. झालेला मी एकटाच, आणि सध्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो.

"हा बघा," पप्या म्हणाला, "जिवंत पुरावा."

आता यावर काय बोलणार! दोन-तीन हंगाम मीही उत्खननाच्या चरावर बसून काढलेत. बाहेरच्यांना वाटतं आम्ही टोपी घालून सोन्याचे हंडे काढतो. खरं काम म्हणजे खापरं. टोपल्याच्या टोपल्या खापरं. ती जुन्या टूथब्रशनं घासायची, गोणपाटावर वाळत घालायची आणि मग एकेकावर मुंगीएवढ्या अक्षरात जागेचं नाव, चराचा नंबर, थराचा नंबर काळ्या शाईनं लिहायचा. दुपारी तीनच्या उन्हात चारशेवं खापर हातात येतं तेव्हा मॅट्रिमोनीच्या जाहिरातीत 'उच्चशिक्षित' लिहिणाऱ्या आईची आठवण होते.

"म्हणजे तू नको म्हणतोयस," वकील म्हणाला.

"मी असं कुठं म्हटलं? नोकऱ्या कमी आहेत हे खरंय. केंद्राचं खातं आहे, राज्याचं संचालनालय आहे, म्युझियम आहेत, कॉलेजं आहेत. जागा निघतात तेव्हा निघतात. पण माझं भांडण वेगळं आहे. पुरातत्त्व कर, पण मानवशास्त्र, म्हणजे माणसाच्या शरीराचा आणि चालीरीतींचा अभ्यास, सोडून करू नकोस, एवढंच मी तिला सांगेन."

"आता हे काय नवीन?" नाना म्हणाले.

नवीन काही नाही. ऑक्सफर्डला ह्या दोन्हींची मिळून एकच पदवी आहे, तीन वर्षांची. आपल्याकडं एक इकडं, एक तिकडं. दिल्लीत हंसराज कॉलेजला मानवशास्त्र घेतलं की बी.एस्सी., बडोद्याला पुरातत्त्व घेतलं की बी.ए. मुंबईत झेवियर्सला प्राचीन भारतीय संस्कृती आहे, ते कला शाखेतच. म्हणजे मेलेल्या माणसाची भांडी कलेत आणि त्याची कवटी विज्ञानात. शिवाय डेक्कन कॉलेजात एम.ए.ला यायचं तर कुठल्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे बी.ए.ला पुरातत्त्वच हवं असंही नाही. गंमत म्हणजे यूपीएससीला मानवशास्त्र घेणारी पोरं प्रागितिहासही वाचतात, एथ्नोआर्किऑलॉजीही वाचतात, म्हणजे आजच्या माणसांच्या रीती बघून जुन्या अवशेषांचा अर्थ लावणं. क्लासवाल्यांना जे कळलंय ते कॉलेजांना कळत नाही.

"यूपीएससी म्हणालास का?" पप्या पहिल्यांदाच सरळ बसला.

वकिलानं मात्र सोडलं नाही. "हे सगळं ठीक. पण मानवशास्त्र नसलं तर अडतं काय? एक केस सांग."

मी इनामगाव सांगितलं. शिरूर तालुका, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ असं तिथं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. दोनशेहून जास्त दफनं मिळाली, आणि तीही राहत्या घरात, जमिनीखाली. लहान मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, त्यात मूल. मोठं माणूस गेलं की खड्ड्यात उताणं झोपवलेलं, डोकं उत्तरेला. आणि घोट्यापासून खाली पाय नाहीत. तोडलेले.

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. पलीकडं अमृततुल्यवाला वेलची कुटत होता, तोही थांबला.

"का?" वकिलानं विचारलं.

"मेलेला उठून चालत जाऊ नये म्हणून, असं तिथं उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांनी मांडलं."

"हरकत आहे. साक्षीदार कोण?"

"एकही नाही."

"मग हा अंदाज झाला. कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही."

"अरे, तेच म्हणतोय मी! हाडं फक्त सांगतात की पाय नाहीत. का नाहीत, ते हाड सांगत नाही. त्यासाठी मेलेल्याची भीती, माया, सुतक म्हणजे काय, हे जिवंत माणसांत बसून शिकावं लागतं. तिथंच एका अंगणात चार पायांचा रांजण मिळाला, त्यात एक माणूस बसवलेला, आणि त्याचे पाय शाबूत. आता हा कोण? गावचा पुढारी? मांत्रिक? का नुसताच बायकोचा लाडका? खापरं धुऊन हे कळत नाही."

"नियमाला अपवाद आहे म्हणजे नियम होता, एवढं मान्य," वकील म्हणाला. हे त्याच्याकडून फार झालं.

इतका वेळ दिल्या गप्प होता. दिल्याचा टेम्पो आहे आणि गाव शिरूरकडचंच. तंबाखू झटकत म्हणाला, "तान्हं पोर गेलं तर आमच्यात आजबी पुरत्यात. जाळत न्हाईत."

"बघ!" नाना म्हणाले. "तीन हजार वर्षांची परंपरा."

"थांबा नाना." इथं मला वकिलाच्या बाजूला जावं लागलं. आज पुरतात आणि तेव्हा पुरत होते, म्हणून मधली सगळी वर्षं एका दोऱ्यात ओवता येत नाहीत. साम्य वेगळं, सातत्य वेगळं. वर्गात ह्यावर तासन्‌तास भांडणं होतात. अशी घाई करणारे लोक मग डीएनएवरही तसंच करतात. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या शहरावरचा २०१९ चा निबंध आठवा. साठाहून जास्त नमुने तपासले, डीएनए पुरेसा मिळाला तो एकाच बाईचा. त्या एका बाईवर, आर्य बाहेरून आले की इथलेच या वादात, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंनी जिंकल्याचे फटाके वाजले.

नानांनी मोबाइल हळूच खिशात सरकवला.

"तुमचं चालू द्या," दिल्या म्हणाला, "पण माझी आई व्हती असल्या कामावर. नदीकाठालाच, पाटी उचलायला. आमी त्या टेकाडाला पांढरी म्हनतो. काळीत पिकवायचं, पांढरीत ऱ्हायचं. धाब्यावर टाकायला माती तितनंच आनायचे लोक."

हे मी वर्गात शिकलो होतो, 'पांढरी' म्हणजे जुनी वस्ती, राखेनं मऊ झालेली माती. पण आम्हाला ते शब्द म्हणून शिकवलं, दिल्याच्या घरावर ती माती होती.

"एकदा रांजण लागला. सायबानं सगळ्यास्नी थांबवलं. आत बारकी बारकी हाडं. आई सांगती, लेकुरवाळ्या बाया होत्या त्या पाट्या टाकून उठल्या. कुनी हात लावंना. दुसऱ्या दिवशी नारळ फोडला तवा कुठं काम सुरू झालं."

वकिलानं माझ्याकडं बघितलं. "हे तुमच्या वहीत लिहितात?"

मी माझी वही आठवली. खोली, व्यास, दिशा, मातीचा रंग, फोटोचा नंबर. आमच्याही चरावर बायका कधी कधी काम थांबवायच्या. आम्ही त्या दिवसापुढं 'काम अर्धा दिवस बंद' असं लिहायचो. का बंद, त्याला रकाना नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"मग अडचण तुझ्या बी.ए.ची नाही, तुझ्या वहीची आहे," वकील म्हणाला, आणि स्वतःवर खूश होऊन त्यानं आणखी एक कटिंग सांगितला.

तेवढ्यात पप्याची पोरगी स्कूटीवर आली, घराची किल्ली न्यायला. तिला बघून सगळे एकदम शहाण्यासारखे बसले. नानांनी घसा साफ केला. "बाळा, विचार केलायस ना नीट? पुढं पगाराचं काय?"

"हो आजोबा." ती एवढंच म्हणाली. हा प्रश्न तिला या आठवड्यात पंधरा जणांनी विचारला असणार.

मग पप्यानंच, का कोण जाणे, तिला दिल्याच्या आईची गोष्ट सांगितली. अर्धी चुकीची सांगितली, दिल्यानं दुरुस्त केली. मला वाटलं, आता ही रांजणाचं विचारणार. केवढा होता, कुठल्या मातीचा, कुठल्या म्युझियममध्ये ठेवलाय. मी उत्तरं तयारही ठेवली.

तिनं हेल्मेट काढलं. "काका, नारळ कोणी आणला होता? साहेबांनी का बायकांनी?"

दिल्या विचारात पडला. "ते काय मला म्हाईत न्हाई बाय. आईलाच इचारावं लागंल."

"विचारता येईल?"

"येईल की. कानानं जरा कमी हाय, मोठ्यानं बोलायचं. उद्या गावाला टेम्पो रिकामाच चाललाय."

पप्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि विचारलं, "किती वाजता निघतोस?"