टायब्रेकरवर हरलो म्हणून कोच बदलायचा?

गेल्या रविवारी आमची तालीम, म्हणजे कोल्हापुरातली आमच्या पेठेची फुटबॉल टीम, शाहू स्टेडियमवर टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किकवर, हरली आणि रात्रीपासून पेठेच्या ग्रुपवर एकच चाललंय, नवीन कोचला काढा, पहिला सीझन संपत आला, केलं काय त्यानं. मी मँचेस्टरमध्ये असतो, मॅच यूट्यूबवर लाइव्ह लागते, तिकडं दुपारचे चार म्हणजे थंडीत इथं सकाळचे साडेदहा, चहा घेऊन बसतो आणि शेवटपर्यंत बघतो. राग आला तर येऊ दे, पण जे दिसलं ते लिहितो.

आपला राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचाव करणारा, गेल्या वर्षी कसा खेळायचा आठवा. बॉल पायात आला की बघायचंच नाही, लांब हाणायचा, बॉल परत समोरच्या टीमकडं. आता तोच पोरगा बॉल थांबवतो, मान वर करतो, हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, देतो आणि स्वतः लाइन धरून पळत सुटतो. रविवारी दोनदा चुकला, एकदा तर गोलच बसला असता, तरी मला ते चाललं. सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला कुणीतरी त्याच्याकडनं हे घटवून घेतलंय.

परदेशातले लोक लई धीराचे असतात असं काही नाही. 1989 च्या डिसेंबरात इथं मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवर त्यांच्याच कोचला, फर्ग्युसनला घालवा म्हणून बॅनर लागला होता, येऊन तीन वर्षं झाली होती, पहिल्या सीझनला तर टीम लीगमध्ये अकरावी आलेली. पब्लिक भडकलेलंच होतं, क्लबनं ऐकलं नाही एवढंच, मग 1990 ला एफए कप आला आणि लीग यायला 1993 उजाडलं. उलटं पण आहे, लिव्हरपूलच्या तेव्हाच्या नव्या कोचनं, स्लॉटनं, 2024-25 ला पहिल्याच सीझनमध्ये लीग मारली, पण आधीच्या कोचनं, क्लॉपनं, जवळजवळ नऊ वर्षं घडवलेली टीम त्याच्या हातात आली होती. त्याच सीझनला युनायटेडचा नवा कोच अमोरिम नोव्हेंबरात, अर्ध्यातनं आला, आणि टीम पंधरावी. म्हणून मी आधी बघतो, माणसाला दिलं काय होतं.

आपण काय दिलं? दोन चांगले फॉरवर्ड ऐन सीझनच्या तोंडावर दुसऱ्या तालमीकडं गेले, निम्मी पोरं ड्युटी करून ग्राउंडवर येतात, आणि बॉलची पिशवी कोच स्वतः उचलतो.

माझी पण तक्रार आहे. साठ मिनिटांनंतर पोरांचे पाय जड होतात आणि तो बदली खेळाडू फार उशिरा उतरवतो, रविवारी दोन्ही हाफ दमून उभे होते तरी हा थांबला. हे त्याला तोंडावर विचारा, पुढच्या सीझनला यात सुधारणा दिसली नाही तर मी स्वतः ग्रुपवर लिहीन. पण ईर्षेची एक मॅच टायब्रेकरवर गेली म्हणून आत्ता काढू नका, येणाऱ्या रजिस्ट्रेशनला त्यालाच खेळाडू निवडू दे, तेवढं तरी त्याच्या हातात द्या.