धोंड्याच्या महिन्यापर्यंत

२०१९ च्या दसऱ्याला, साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधून, मी जो फोन विकत घेतला तो आजही माझ्या खिशात आहे. घेतला तेव्हा तो ‘अँड्रॉइड पाय’वर, म्हणजे नवव्या आवृत्तीवर चालत असे, पुढे कंपनीने त्याला दोन इयत्ता वर चढवले आणि ‘अँड्रॉइड ११’ला पोहोचताच, तो कुठेही नापास झालेला नसताना, अपडेटच्या शाळेतून त्याचे नाव काढून टाकले. तेव्हापासून तो घरीच असतो. नवा फोन घ्यावा की थोडे थांबावे, हा प्रश्न आमच्याकडे साधारण त्याच सुमारास उपस्थित झाला आणि अद्याप विचाराधीन आहे.

बॅटरीपासूनच सुरुवात करतो. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास उतरते, असे जाणकार सांगतात. माझी बॅटरी हा टप्पा कधीच ओलांडून गेली होती आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिला ग्लानी येऊ लागली होती. त्यात तिला चार्ज करणे हा एक विधी होऊन बसला. चार्जरची पिन आत घालायची, किंचित वर उचलायची, डावीकडे झुकवायची, आणि त्या कोनात ती टिकावी म्हणून खाली बामची बाटली आडवी लावायची. पडद्यावर विजेची खूण उमटली की मग त्या खोलीत कोणी पाय आपटत चालायचे नाही आणि पंखा तीनच्या पुढे न्यायचा नाही, कारण वाऱ्याने वायर हलते. एकदा मी श्वास रोखून हे सारे जुळवत असताना बायको दारातून म्हणाली, “अहो, फोन चार्ज करताय की सत्यनारायण मांडताय?”

पुढे फोनची पाठ एका बाजूने उचलली गेली, तेव्हा मात्र मी त्याला घेऊन बुधवार पेठेतील एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पाठ गरम केली, प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवली आणि झाकण अलगद उघडले. आत बॅटरी तळणीतून नुकत्याच काढलेल्या पुरीसारखी टम्म फुगली होती. “काका, हे तुम्ही उशाशी घेऊन झोपत होतात?” त्याने विचारले. बॅटरीच्या आतली रसायने विघटित होऊन वायू साठतो आणि अशा बॅटरीला टोचले किंवा दाबले तर ती पेट घेऊ शकते, हे त्याने मला इतक्या सौम्य आवाजात सांगितले की मला डॉक्टरांचीच आठवण झाली. मग त्याने एका बारीक काडीने चार्जिंगच्या भोकातून खिशातला सुती भुगा ओढून काढला. तो निरांजनातल्या फुलवातीएवढा भरला. बामच्या बाटलीचे सारे कर्तृत्व त्या एका वातीने धुळीला मिळवले.

चौदाशे रुपयांत फोन पुन्हा दिवसभर चालू लागला, आणि माझी खरी अडचण तिथेच सुरू झाली. तो पुरता मेला असता तर प्रश्न मिटला असता. पण आता तो धड जगतही नव्हता आणि नवा घ्यायला सबळ कारणही उरू देत नव्हता. भाजीवाल्यासमोर यूपीआय उघडले की पडद्यावरचे चक्र फिरत राही, आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभा असलेला तो भला माणूस म्हणे, “होऊ द्या निवांत, साहेब, तोवर मी यांचं गिऱ्हाईक करतो.” त्या ‘यांचं’मध्ये आजवर सुमारे निम्मी सोसायटी माझ्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेली आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात देशात ५जी आले, त्याचेही मला फारसे सोयरसुतक नव्हते, कारण माझ्या फोनला ४जीचाच वेग पेलत नव्हता.

मुलीने मग जुना फोन देऊन नवा घेण्याची योजना दाखवली. पडद्यावर तडा आहे का, बटणे चालतात का, बिल आहे का, अशी सारी उलटतपासणी मी प्रामाणिकपणे पार पाडली आणि त्यानंतर किंमत उमटली: साडेसातशे रुपये. चौदाशेची बॅटरी पोटात असलेल्या फोनचे साडेसातशे! पूर्वी आमच्या वाड्यात बोहारीण येत असे. जरीकाठाची साडी आणि बाबांची पँट देऊनही ती पातेल्याला नकार देई आणि चहाच्या गाळणीवर बोळवण करू पाही. परंतु तिच्याशी निदान भांडता येत असे, ती टोपले उचलून जिन्यापर्यंत जाई, आई तिला परत बोलावी, आणि शेवटी एक लहानसे पातेले घरात येई. या योजनेत टोपले उचलून जाणारे कोणी नव्हते. “बाबा, तू ‘रद्द करा’ दाबलंस ना?” मुलीने न पाहताच विचारले.

थांबण्याची कारणे मात्र माझ्याकडे एकापेक्षा एक भक्कम होती. २०२५ च्या सप्टेंबरात नवी मॉडेल्स आली तेव्हा पितृपक्ष चालू होता. पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू होणार होते, म्हणून मी हात आखडता घेतला. त्या दिवशी मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. मोबाइल २०२० पासून १८ टक्क्यांवरच होता आणि तिथेच राहिला. दिवाळीपर्यंत आणखी पाहावे म्हटले, तर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळे त्यांचे भाव चढू लागले आणि फोन महागण्याच्या बातम्या आल्या. म्हणजे मी थांबलो तो काळ भाव उतरण्याचा नव्हता, चढण्याचा होता. ही गोष्ट मेव्हण्याने मला फोन करून कळवली, आणि आवाज नेमका तेवढाच स्पष्ट आला.

शिवाय आता काही कंपन्या सात वर्षे अपडेट देतात. गूगलचा २०२३ चा पिक्सेल ८ आणि त्यानंतरचा सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ यांच्यापासून ही चाल पडली. मी हिशेब मांडला. असा फोन आज घेतला तर मी निवृत्त झाल्यावरही तो तीन वर्षे सेवेत राहील. इतक्या दीर्घ नेमणुकीचा निर्णय घाईने कसा घ्यावा?

गुढीपाडवा आला तेव्हा मी पुन्हा दुकानाच्या काचेपर्यंत गेलो होतो. तेवढ्यात बायकोने कालनिर्णय उलटून सांगितले की यंदा ज्येष्ठ अधिक आहे. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, आमच्या लग्नानंतर आलेल्या प्रत्येक अधिकात सासूबाईंनी ३३ अनारसे आणि चांदीचे काही ना काही दिलेले आहे, आणि या वेळी त्या तिला म्हणाल्या होत्या, “जावईबापूंना लागेल अशीच वस्तू देते यंदा.” मी काचेपासून दोन पावले मागे सरलो. या महिन्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात आणि जावयाला जेवायला पुरणाचे धोंडे करतात. माझ्या खिशातला धोंडा मी आधीच सांभाळून आहे. चार्जिंग ४० टक्के आहे, आणि पंखा तीनवर.