"बॉल तर जागेवरच असतो, मग अडतं कुठे?" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस म्हापसा-पणजीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. म्हणणं थोडक्यात असं, की गोल्फचे प्रो लोक "कोर्सने नजरेला फसवलं" म्हणून जे सांगत बसतात ते सगळं श्रीमंतांचं नाटक आहे. अंतर मोजायला लेझर, सल्ला द्यायला कॅडी, चार दिवस तोच कोर्स, बॉल जागेवर गप्प पडलेला, आणि एवढं असून फसला तर खेळाडूच कच्चा. खाली हसणाऱ्या इमोजी आणि "क्रिकेटमध्ये १४५ च्या स्पीडने बॉल येतो, तेव्हा कळतं" वगैरे.

आता गोव्यात गोल्फ म्हटलं की माणसाला आधी तेरेखोल आणि तिथला जमिनीचा वाद आठवतो, काणकोणात राजबागला एक कोर्स आहे हे कित्येकांच्या गावीही नसतं, त्यामुळे राग समजू शकतो, आणि हे कोर्स पाणी किती पितात यावर भांडायचं असेल तर मी तुमच्याच बाजूने येईन. पण तो विषय वेगळा. या फॉरवर्डमधला एकही मुद्दा धड उभा राहत नाही. एक अर्धा राहतो, तो पुढे सांगतो.

आधी लेझर. लिहिणाऱ्याने मोठी स्पर्धा नीट बघितलेलीच नाही हे इथेच कळतं. गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात. त्यातल्या मास्टर्स, यूएस ओपन, द ओपन, तिन्हीकडे स्पर्धेच्या राउंडमध्ये रेंजफाइंडर, म्हणजे हेच अंतर मोजणारं लेझर, चालत नाही. चौथीने, पीजीए चॅम्पियनशिपने, २०२१ पासून परवानगी दिली, पण चढ-उतार धरून अंतर सांगणारं फंक्शन तिथेही बंद ठेवावं लागतं. ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या तुळतुळीत गवताचा, बारीकसारीक उतार छापलेली पुस्तकं मिळायची, २०२२ पासून पीजीए टूरवर (अमेरिकेतली प्रो स्पर्धांची मालिका) तीही गेली, कमिटीने मान्य केलेलं साधं यार्डेज बुक, अंतरांची वही, तेवढं खिशात ठेवायचं.

आणि समजा आकडा अचूक मिळाला, पुढे काय? मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाचा १२ वा होल १५५ यार्डांचा आहे, हे घरी सोफ्यावर बसून मॅच बघणाऱ्यालाही पाठ असतं, प्रोला माहीत नसेल का! पण ते ग्रीन समोर सरळ ठेवलेलं नाही, तिरकं आहे, उजवी बाजू लांब आणि डावी जवळ, पुढे ओढा, मध्ये एक बंकर (वाळूचा खड्डा), आणि वारा झाडांत शिरून असा फिरतो की टीवर, जिथून पहिला शॉट मारतात तिथे, एक दिशा आणि झेंड्यावर दुसरी. उजव्या हाताच्या खेळाडूचा शॉट जरा उजवीकडे सुटला की तो सहसा कमीही पडतो, आणि नेमकं तिकडेच जास्त अंतर लागतं, म्हणजे झेंडा उजवीकडे लावला की नजर तिथे खेचली जाते आणि बॉल ओढ्यात. २०१६ मध्ये जॉर्डन स्पीथ शेवटचे नऊ होल सुरू करताना पाच शॉट पुढे होता, १२ व्यावर दोन बॉल पाण्यात घालवून ७ शॉट करून बसला, मास्टर्स डॅनी विलेटने नेलं. २०१९ च्या रविवारी शेवटच्या दोन ग्रुपांत मिळून सहा जण होते, त्यातले चार (मोलिनारी, कोएप्का, पोल्टर, फिनाऊ) याच होलवर पाण्यात. टायगर वूड्सने झेंड्याकडे न बघता ग्रीनचा सुरक्षित भाग धरला आणि तोच जिंकला. आता हे चारही जण कच्चे होते असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे, त्यातले तिघे तेव्हाच मेजर जिंकलेले किंवा मेजरसाठी शेवटपर्यंत लढलेले होते.

मुळात खरी गंमत इथे आहे आणि फॉरवर्डवाल्याला ती दिसलेलीच नाही. माहिती असणं आणि त्या माहितीवर अंग टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी. पणजीच्या जेटीवर उभं राहून समोरची बेती बघा, मध्ये नुसतं पाणी, नजर अडकायला काहीच नाही, त्यामुळे पलीकडचा काठ आहे त्यापेक्षा जवळ वाटतो, फेरीत बसल्यावर कळतं किती आहे ते. कोर्स डिझाइन करणारे हेच मुद्दाम करतात. ऑगस्टा ज्याने गोल्फर बॉबी जोन्ससोबत बांधलं तो अॅलिस्टर मॅकेन्झी मूळचा डॉक्टर, बोअर युद्धात होता, तिथे बोअर सैनिक साध्या माळावर कसे दिसेनासे होतात हे त्याने बघितलं आणि पुढे ते डोकं कोर्सवर चालवलं. उंच कडेचा बंकर ग्रीनच्या बराच अलीकडे ठेवायचा, मधली जमीन कडेमागे लपते, आणि लांबून वाटतं बंकर ग्रीनला चिकटूनच आहे. हातातलं पुस्तक म्हणतं १६५, डोळे म्हणतात १५०. स्विंग जेमतेम सेकंद-दीड सेकंदाचा, त्यात मनात एवढीशी शंका आली तरी हात आखडतो, आणि प्रोच्या पातळीवर तेवढं पुरतं.

कॅडीचा मुद्दा घ्या. कॅडी अंतर सांगतो, वारा सांगतो, कुठला क्लब घ्यायचा यावर बोलतो, बॅग उचलतो, कधी शिव्या खातो, सगळं खरं. पण खेळाडू शॉटसाठी पाय रोवायला लागला की कॅडीने त्याच्या मागे बॉलच्या रेषेत उभं राहायचं नाही, म्हणजे "नीट सरळ उभा आहेस का" हे सांगायचं नाही, असा नियम २०१९ पासून आहे. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत ली हाओतोंगला शेवटच्या होलवर यासाठी दोन शॉटचा दंड बसला. छोटा पट (ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलायचा शॉट) होता, कॅडी बाजूला व्हायला जरासा उशीर. त्यावर एवढी बोंब झाली की पुढच्याच महिन्यात नियमाचा अर्थ नव्याने स्पष्ट करून द्यावा लागला. तर निशाणा धरताना भरवसा स्वतःच्या डोळ्यांवरच, आणि कोर्स फसवतो तो नेमका त्यांनाच.

"चार दिवस तोच कोर्स" हे तर काहीच्या काही. ग्रीनवरचं भोक रोज नव्या जागी पाडतात, टी मागेपुढे सरकवतात, आणि वाऱ्याला कोणी तारीख देत नाही. फिलाडेल्फियाजवळच्या मेरिऑनला तर काठीवर झेंडाच नसतो, वेताची टोपली असते, म्हणजे वारा कुठला हे बघायची सोयच काढून टाकली! तिथे २०१३ च्या यूएस ओपनला जस्टिन रोज पारच्या (कोर्ससाठी ठरवलेले अपेक्षित शॉट) एक शॉट वर राहून जिंकला, पारखाली एकजणही संपला नाही, आणि कोर्स आजच्या हिशोबाने आखूड, ७००० यार्डांच्याही आतला.

बॉल स्थिर असतो हे मान्य. १४५ च्या बॉलला विचार करायला वेळच नसतो, शरीर आपोआप वागतं. इथे उलट, मिनिटभर उभं राहून पाणी बघायचं, बंकर बघायचा, आणि मग हलायचं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला १९७८ साली टॉमी नाकाजिमा १७ व्या होलच्या ग्रीनवर आरामात पोचला होता, पट मारला, तो उतारावरून वळत वळत रोड बंकरमध्ये गेला, बाहेर काढायला चार शॉट लागले, स्कोर ९. बॉल स्थिरच होता हो. आणि क्रिकेटचंच बोलायचं तर गुगलीवर कोणी बोल्ड झाला की आपण बोलरला दाद देतो, बॅट्समन नाटकं करतो असं म्हणत नाही.

आता तो अर्धा मुद्दा. "डिझाइनर चीटिंग करतात, हा खेळ नाही लॉटरी आहे." कधीकधी खरंच अती होतं. २०१८ च्या यूएस ओपनला शिनेकॉकवर शनिवारी दुपारपर्यंत ग्रीन इतकी कडक झाली की आयोजकांनाच हात थोडा जास्त पडल्याचं कबूल करावं लागलं, २०१५ ला चेंबर्स बेची ग्रीन खडबडीत होती, त्यावर खेळाडू ओरडले ते बरोबरच. पण ती देखभालीची आणि तयारीची चूक, नजरेला चकवणं ते नव्हे. कोर्स आखणारा पीट डाय हा चकवण्यातला उस्ताद, त्याचा विस्कॉन्सिनमधला व्हिसलिंग स्ट्रेट्स म्हणजे हजाराच्या आसपास बंकर, कित्येक खेळात येतच नाहीत, नुसते बघणाऱ्याला घाबरवायला. २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपला शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सन गर्दीने तुडवलेल्या वाळूत उभा होता, त्याला वाटलं ही पायांनी उकरलेली जमीन, शॉटच्या आधी क्लब टेकवला. तो बंकर निघाला, आणि बंकरमध्ये असा क्लब टेकवलेला चालत नाही. दोन शॉटचा दंड, बरोबरी सोडवायचा प्लेऑफ हुकला, केमर जिंकला. मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण वाळू असलेला प्रत्येक खड्डा बंकरच धरला जाईल अशी लेखी सूचना आधीपासून लावलेली होती. याला लॉटरी कसं म्हणायचं?

शेवटचा मुद्दा, "खरा चॅम्पियन फसतच नाही." त्यासाठी परदेशात जायलाही नको. गुरुग्रामला डीएलएफचा गॅरी प्लेयरने आखलेला कोर्स आहे, खडक, खोल बंकर, वाकडीतिकडी ग्रीन, इंडियन ओपन तिथे होते. २०१९ च्या शेवटच्या दिवशी स्टीफन गॅलाकरने ७ व्या होलवर ८ केले, पारच्या चार वर, दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता. त्याने शेवटच्या तीन होलवर तीन बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) मारल्या आणि स्पर्धा एका शॉटने जिंकली.