चाळीस हजार घोडे आणि एक दरी

नमस्कार. माझ्या कथेवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि राग कुठल्या कुठे गेला.

बाकीच्यांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. 'सरवान' या माझ्या काल्पनिक गवताळ प्रदेशातली टोळी अख्खा हिवाळा एकाच दरीत काढते, हे अशक्य आहे. कथा घोडेस्वारांची, पण पानंच्या पानं मेंढरं आणि दूध यांवर गेली आहेत. आणि 'रानटी टोळीवाले' हा साचा मोडायच्या नादात मी या लोकांना भलतंच सोवळं करून ठेवलंय.

दरीबद्दल सपशेल माघार. १०,००० स्वार, प्रत्येकी ४ घोडे, म्हणजे ४०,००० घोडे. स्टेपवरचा, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ मैदानांवरचा, ठेंगणा घोडा दिवसाला ६ किलो सुकं गवत खातो असं धरलं तरी रोजचे २४० टन होतात आणि तीन महिन्यांचे २१ हजार टनांच्या वर. मेंढरं अजून मोजलेलीच नाहीत. आठवड्याभरात त्या दरीत नुसती माती उरली असती. खरे मंगोल पशुपालक हिवाळ्यात उलट पांगतात. दोन-चार बिऱ्हाडं मिळून वाऱ्याच्या आडोशाला, शक्यतो दक्षिणेच्या उतारावर तळ टाकतात. त्यामुळे शत्रू झोपलेल्या फौजेला वेढा घालतो ते माझं लाडकं प्रकरण कोसळलं, कारण वेढा घालायला फौज एका जागी आहेच कुठे? आता सरदाराला तळातळावर जासूद धाडावे लागतील, आणि काही तळांवर ते पोचायच्या आधी शत्रूच पोचलेला असेल. खरं सांगू, कथेला हेच जास्त मानवलं. (चंगीझ खानाचा नातू बातू याच्या फौजेने १२३७-३८ च्या ऐन हिवाळ्यात रशियन शहरं घेतली, हे मला ठाऊक आहे. पण ती फौज गोठलेल्या नद्यांवरून एका शहराकडून दुसऱ्याकडे सरकत होती, एका कुरणावर बसून नव्हती.)

मेंढरांच्या बाबतीत मात्र एक पाऊलही मागे येणार नाही. स्वार जे खातो, पांघरतो आणि ज्याच्या आत झोपतो, त्यातलं बरंचसं मेंढीचं असतं. तंबूवरचा नमदा म्हणजे तिची लोकर, भिजवून, गुंडाळून, लाटून घट्ट केलेली. बर्फ पडल्यावर घोडा खुराने वरचा कडक थर फोडतो आणि मेंढरं त्याच्या मागून खाली दबलेलं गवत खातात. थर फारच जाड झाला की कळपच्या कळप उभ्या जागी मरतात. मंगोलियात याला 'झुद' म्हणतात, आणि २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं गेली. शत्रूने तलवार उपसायच्या आधीच अर्धी टोळी संपवणारं हे संकट माझ्या कथेत नको होतं का?

आणि तुम्हाला 'रेंगाळलेला' वाटलेला घोडी दोहण्याचा प्रसंग. तो मी कल्पनेतून काढलेला नाही. १२५३ साली मंगोलांच्या मुलखात निघालेल्या विल्यम ऑफ रुब्रुक या फ्रान्सिस्कन साधूने हे काम बारकाईने लिहून ठेवलंय. दोन खुंट्यांमध्ये जमिनीलगत लांब दोर ताणायचा आणि त्याला शिंगरं बांधायची. घोड्या आपापल्या पिलापाशी येऊन उभ्या राहतात. एखादी बिथरलीच, तर शिंगरू सोडून तिला लावायचं, दोन घोट पिऊ द्यायचे, पान्हा सुटला की शिंगरू ओढून बाजूला घ्यायचं आणि दोहणाऱ्याने त्याच्या जागी बसायचं. पुढे ते दूध कातड्याच्या पखालीत घुसळून आंबवायचं. या कामात घाई केली तर घोडी दूध चोरते. माझ्या नायिकेचा चिवटपणा त्या दोरापाशी दिसतो, लढाईत नाही. म्हणून तिथे रेंगाळलो.

सोवळेपणाचा आरोप अर्धा मान्य. १२२१ मध्ये निशापूरमध्ये आणि १२५८ मध्ये बगदादमध्ये मंगोलांनी केलेल्या कत्तली मला पुसायच्या नाहीत. माझा वैताग वेगळ्याच गोष्टीवर आहे. काल्पनिक कथांमधले हे स्वार बहुतेक वेळा उघड्याबंब अंगाने, चिलखताशिवाय, आरडाओरडा करत बाणांच्या वर्षावात घुसतात. पाउसानियास या ग्रीक प्रवाशाने अथेन्समधल्या एका मंदिरात सर्मेशियन, म्हणजे स्टेपवरच्या एका भटक्या घोडेस्वार जमातीचं, चिलखत पाहिलं होतं: घोड्यांच्या खुरांचे खवल्यांसारखे तुकडे कापून, भोकं पाडून, स्नायूंच्या दोऱ्याने शिवलेलं. लोखंड कमी पडलं तर खुरांतून चिलखत काढणारी माणसं उघडी कशाला फिरतील? कारभाराचंही तसंच. आपण सर्रास वापरतो तो 'दरोगा' शब्द मूळचा मंगोल. म्हणजे त्यांच्याकडे वसुली आणि शिरगणती बघणारे अंमलदार होते, नुसते लुटारू नव्हते.

पण माझा सरदार जरा जास्तच भला झालाय, हे तुमचं म्हणणं पटलं. झुदच्या वर्षी तो शेजारच्या कुळाला आपल्या कुरणात येऊ देतो, आणि वाचताना ते मलाही आता खोटं वाटतं. नव्या खर्ड्यात तो त्यांना परत पाठवतो. रक्ताचा थेंब सांडत नाही, आवाजही चढवत नाही. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा त्या कुळाचे तंबू तिथेच उभे असतात, पण एकातूनही धूर निघत नसतो.

दरी नकाशावरून खोडली आहे. मेंढरं आहेत तिथेच राहतील.