मिगची फट बुजता बुजेना

छंदाने मन शांत होतं म्हणणाऱ्याने एकदा आमच्या गावी यावं. चहा पाजतो, समोर मिग-२१ या लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं, तुकडे जोडून बनवायचं प्लास्टिकचं मॉडेल ठेवतो आणि बघतो किती शांत राहतो ते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप टीव्हीवर पाहिला आणि माझ्या अंगात आलं. १९६३ पासून उडत होतं, आपल्या ओझरच्या कारखान्यात बनायचं, एक तरी घरात असावं म्हटलं. मागवलं. आता कापसाची तिसरी वेचणी चालू आहे आणि विमान अजून राखाडी, नागडं, कपाटावर पडून आहे. रंगाच्या डब्या फोडल्याही नाहीत.

कारण फट. धडाचे दोन अर्धे, डावा आणि उजवा. सोबत आलेल्या सूचनांच्या कागदावर बाण काढलाय, जसं काही टाळी वाजवायची आहे. बाकी सगळं जुळतं, पाठीवर मात्र एक मिलिमीटर उघडं राहतं. एकच ना? ७२ ने गुणा. खऱ्या विमानात सात सेंटिमीटरची भेग झाली राजेहो! त्यात माणसाचा हात जाईल.

याला गमही वेगळा लागतो. तो प्लास्टिकच्या कडा वितळवतो आणि दोन्ही तुकडे एकजीव करतो. पण तो पेट घेणारा, म्हणून रस्त्यानेच येतो. म्हणजे विमानाच्या गमाला विमानात बंदी! आला तो तालुक्यापर्यंत. कुरिअरवाला फोनवर म्हणतो, "तुमचं गाव आमच्यात बसत नाही, इथं येऊन घेऊन जा." गम घ्यायला बावीस किलोमीटर एसटीने जाऊ? हरभऱ्याला पाणी कोण देणार? लाईन रात्रीची.

मग केली घाई. किराणा दुकानातली झटपट चिकटवणाऱ्या गमाची पाच रुपयांची ट्यूब आणली. ती वितळवत बिळवत काही नाही, वरवर धरून ठेवते. वरून तिची वाफ. कॉकपिटची काच रात्री बसवली, सकाळी पाहतो तर आतून पांढरी. आजीच्या मोतीबिंदूसारखी. पायलट असता तर चाचपडत उतरला असता. पुढे खरा गम आणला खरा, पण तो ट्यूबच्या वाळलेल्या थरावर काय काम करणार?

फटीत गाडीची पुट्टी भरली. तर यंदा भाव नाही म्हणून कापूस घरातच, पुढच्या खोलीत छतापर्यंत. त्याचा तंतू उडतो आणि नेमका ओल्या पुट्टीवर बसतो. मिगच्या पाठीवर केस उगवले होते, खरं सांगतो! पंखा लावला तर तंतू दुप्पट. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं, तर केसांबरोबर पत्र्याच्या जोडाच्या त्या बारीक, सुंदर रेघाही गेल्या. फट मात्र तिथेच.

आणि खरा संताप पुढे आहे. चाकं लावून टेबलावर ठेवलं तर विमान शेपटीवर बसलं, नाक आभाळाकडे. कागद पुन्हा पाहिला. दुसऱ्या पायरीत, मुंगीएवढ्या चित्रात, नाकात वजन टाका असं होतं. धड बंद करायच्या आधी! अरे, एवढी महत्त्वाची गोष्ट मुंगीएवढी का काढता? मासोळीच्या जाळ्याच्या शिशाच्या चार गोळ्या मागून आणल्या आणि ब्लेडने धड परत उकललं. जिथे छान जुळलं होतं, तिथेच तडकलं.

नाकावरची बारीक नळी कोंबडीने टिपली, ते तर मी सांगतच नाही. प्लास्टिकच्या चौकटीतून नेलकटरने काढताना सारवलेल्या जमिनीवर पडली, मी वाकेपर्यंत खेळ खलास.

शेजारचे काका रोज विचारतात, "काऊन बे, पोराचं खेळणं अजून जुळलं नाई?" मला पोरगं नाही, काकांना माहीत आहे.

काल बाबांनी विमान उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "अबे, हे तं मधातून फाटलं हाये."

दिसते ना बाबा. मले बी दिसते.